ओट्यावरच्या दोन वाट्या

शाळेत जातेय. ओट्यावर उद्यासाठी पुन्हा दोन वाट्या ठेवल्यात, दोन्हींत बटाट्याचे काप. एकीत साधं पाणी, दुसरीत मिठाचं. मिठाच्या पाण्यात कापांमधलं पाणी बाहेर निघून जातं आणि ते लुळे पडतात. साध्या पाण्यातले ताठ राहतात. आज वर्गात हेच दाखवायचं होतं. मुलांना आता काय सांगू, प्रयोग नवऱ्याने खाल्ला?

कालचे काप न विचारता तूच परतून खाल्लेस, आणि वर जेवायला आलेल्या तुझ्या ताईंसमोर म्हणालास, हिच्या हातचं सगळंच खारट.

आज वाट्यांना हात लावू नकोस. स्वयंपाक केलेला नाही. भूक लागली तर ताईंकडे जा. त्यांच्या हातचं मीठ तुला कधीच जास्त होत नाही.