सूज संध्याकाळी यायची

तात्या, काकी भेटली. धाकटी काकी. लग्नाच्या चौथ्या महिन्यात तुम्ही जिला गौरीच्या सणाला म्हणून माहेरी पाठवलंत आणि पुन्हा आणलीच नाहीत, ती. पारगावच्या पलीकडे उसाच्या कडेला एक वस्ती आहे, तिथं दोन खोल्यांत एकटी राहते. मी त्या वस्तीवर शेळ्या-मेंढ्यांना जंताचं औषध पाजायला गेले होते. हो, आता तेच काम करते मी. पशुसखी म्हणतात आम्हाला. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी, पिशवीत बाटल्या आणि औषध पाजायची पिचकारी. तुम्ही असता तर म्हणाला असता, बाईमाणसानं मेंढराच्या जबड्यात हात घालायचा, काय दिवस आलं. म्हणा खुशाल. तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली, आता तुमच्या म्हणण्यावाचून कुणाचं काही अडत नाही.

मी तिला आधी ओळखलंच नाही. तीन शेळ्या होत्या, शेजारची बाई एकेक धरून आणत होती आणि मालकीण अंगणाच्या पार टोकाला उभी. मी म्हटलं, मावशी, जनावरं तुमची, तुम्ही धरा की जरा. तर म्हणाली, "नगं बाई. तुमी पाजा, मी हितनंच बघते. माझा पाय चांगला न्हाई जनावराला." कुणी आपल्याला शुगर आहे म्हणून सांगावं, इतक्या सहज सांगितलं तिनं. चारासुद्धा ती बाहेरूनच काठीनं आत ढकलते म्हणे. शेळ्या तिच्या भाच्यानं आणून बांधल्यात, पण झाडलोट आणि दूध शेजारीण बघते. मग तिनं मला गाव विचारलं. निरगुडसर म्हटलं. कुणाची, म्हणाली. तुमचं नाव सांगितलं, तशी ती येऊन माझ्यासमोर बसली. तिनं विचारलं, "तू थोरली का धाकटी?"

थोरली, तात्या. तिच्याकडून भाकरी थापायला शिकली ती. आई हातात पीठ द्यायची नाही, सांडशील म्हणायची. काकी आली वैशाखात, आणि पंधरा दिवसांत तिनं मला चुलीपुढं बसवलं. माझी पहिली भाकरी कडेला फाटली होती, तर ती तिनं स्वतःच्या ताटात घेतली आणि माझ्याकडं बघून खुसखुसत खाल्ली. घरात तोवर असं कुणी हसत नव्हतं. तुम्हाला ते आवडायचं नाही हेही मला आठवतं. बाहेरून खाकरायचात तुम्ही. ती पदर ओढून गप्प व्हायची आणि तुमची पाठ फिरली की पुन्हा सुरू.

मग आषाढ लागला आणि मेंढ्या खंगायला लागल्या. मला अजून सगळं दिसतं. संध्याकाळ आहे, कळप रानातून परत आलाय, काकी मेंढवाड्याचं फाटक उघडून उभी आहे कारण ते काम तुम्हीच तिच्याकडं दिलंय. आत येणाऱ्या मेंढ्यांतल्या चार-पाचांच्या जबड्याखाली पाण्यानं भरल्यासारखी पिशवी लोंबतेय. तुम्ही दाबून बघता. बोटाचा खड्डा तसाच राहतो. सकाळी तुम्ही एकटेच वाड्यात जाता, तर पिशवी गायब, जबडा साफ. संध्याकाळी काकी फाटकात, पुन्हा पिशवी. आठ दिवस तुम्ही हे पाहिलंत आणि नवव्या दिवशी ओसरीवर सगळ्या भावकीला बोलावून सांगितलंत, "ही फाटकात हुबी ऱ्हायली की मेंढराच्या गळ्याला येतं. सकाळी ही नसती, तर काय बी नसतं. पायगुण हाय दुसरं काय न्हाई." माना डोलल्या. काका तिथंच बसले होते, पण तुमच्यापुढं त्यांची जीभ कधी उचललीच नाही. आतल्या दाराशी काकी परातीत पीठ मळत होती. तिचे हात थांबले नाहीत, हे मी पाहिलं.

मी आता गावोगाव बायकांना हेच शिकवते, तात्या. जबड्याखालची सूज बघायची तर संध्याकाळी बघा. पोटातला किडा रक्त शोषतो, रक्त पातळ होतं, त्यातलं पाणी झिरपतं. जनावर दिवसभर मान खाली घालून चरतं, म्हणून ते पाणी जबड्याखाली उतरतं. रातभर मान वर करून रवंथ करतं, मग सकाळी ओसरतं. एवढंच. फाटकात कोण उभं आहे याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. काकीच्या जागी तुम्ही उभे राहिला असतात तर ती सूज तुमच्या पायानं आली असती. पण तुम्ही एक दिवस तरी उभं राहून बघितलंत का? सकाळी तिला पाठवून बघितलंत? आयुष्यभर मेंढरांत राहिलेला माणूस, खुरावरून मेंढी ओळखणारा, आणि एवढी साधी अदलाबदल सुचली नाही तुम्हाला. मुक्या जनावरांना घटसर्प समजून तापल्या विळ्याचे डाग दिलेत जबड्याला, तेही मला आठवतं. करपल्या लोकरीचा वास चार दिवस घरात होता.

तरी इतकी वर्षं मी तुम्हाला माफ करून टाकलं होतं. अडाणी होते, म्हणायचे. त्या वेळी कोण सांगणार होतं. शिकायला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी हा किडा दाखवला आम्हाला, बाटलीत घातलेला. चपटा, चिंचेच्या पानाएवढा, तपकिरी. मी बाहेर जाऊन रडले होते आणि तेव्हाही मनात म्हणाले, बिचाऱ्या तात्यांना हे कुणी दाखवलंच नाही.

दाखवलं होतं. मला हे गेल्या दिवाळीत कळलं. जनावरांच्या दवाखान्यातला जुना कंपाउंडर, आता थकलाय, त्याच्या घरी दोन शेळ्या आहेत. त्यांना औषध पाजताना बोलता बोलता म्हणाला, "तुजा बाप लई निगुतीचा मानूस व्हता. मेलेली मेंढी सायकलच्या कॅरेजला बांधून आणली व्हती त्यानं. श्रावणी सोमवार, डॉक्टरांना उपास, तरी बी त्यांनी मागल्या अंगणात पोत्यावर कापून दाखवली." काळीज, म्हणजे यकृत, कापलं, दाबलं, तर नळ्यांतून किडेच किडे बाहेर आले. तुम्ही एक उचलून तळहातावर घेतला म्हणे आणि बराच वेळ बघत राहिलात. डॉक्टरांनी विचारलं, उन्हाळ्यात कुठं चारता? तुम्ही सांगितलंत, धरणाचं पाणी मागं सरतं तिथल्या हिरवळीवर. मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की त्या चिखलात बारक्या गोगलगायी असतात, त्यांच्यातून किडा गवताला चिकटतो, मेंढीनं ते गवत खाल्लं की दोन-तीन महिन्यांनी असं खंगणं सुरू होतं. दोन-तीन महिने, तात्या. तुम्हाला हिशेब लावता येत नव्हता असं नाही. कळप धरणाकडं गेला होता फाल्गुनात. परत आला चैत्र सरता सरता. काकीच्या अंगाला हळद लागली त्याच्या आधी तो किडा आपल्या वाड्यात येऊन बसला होता.

आणि तुम्ही काय केलंत? औषधाची बाटली घेऊन घरी आलात आणि गप्प बसलात. मी कंपाउंडरला पुन्हा पुन्हा विचारलं, काकी आली त्याच सालचा श्रावण ना? तो म्हणाला, "आता मी उपास इसरंन व्हय?" म्हणजे काकी जायच्या आधी निदान आठ दिवस बाटली आपल्या घरात होती. त्या आठ दिवसांत आणखी तीन मेंढ्या गेल्या. त्यातली एक गाभण होती, तिला ओढ्याच्या कडेला पुरताना तुम्ही पागोटं काढून डोळे पुसलेत. मेंढरू आजारी असलं की तुमच्या घशाखाली घास उतरायचा नाही, ते काही खोटं नव्हतं. तरीसुद्धा तुम्ही तीन मेंढ्या मरू दिल्यात, पण बाटलीचं बूच काढलं नाहीत, कारण भावकीपुढं बोललेला शब्द मागं घ्यावा लागला असता. काकांना सांगून तिला गौरीला माहेरी धाडलंत. आणि ती गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे सगळ्या कळपाला बांबूच्या नळीनं काहीतरी पाजलंत. आईनं विचारलं तर म्हणालात, पाल्याचा काढा हाय. मी चुलीपाशी उभी होते. त्या काढ्याचा वास मला पुढं शिकायला गेले तेव्हा जंताच्या औषधाला पुन्हा आला, तरी मला उमगलं नाही.

कळप महिन्याभरात टवटवीत झाला. होणारच होता. तुम्ही देवाला बोकड दिलात, पंगत बसवलीत, आणि पंगतीत म्हणालात, "गेली आन् मेंढरं वाचली." लोक जेवता जेवता हो हो म्हणाले. मी त्या पंगतीत वाढत होते, तात्या. मलाही ते खरं वाटलं. पुढच्या वर्षी काकांचं दुसरं लग्न झालं. काकीचं कुणी करून दिलं नाही. जिच्या पायानं कळप मरतो ती बाई शेतकऱ्याच्या घरात कोण नेणार? भावाकडं राहिली, दुसऱ्यांच्या उसात खुरपलं, भावजयीचं ऐकून घेतलं, आणि तीस वर्षं एकाही गोठ्यात पाऊल टाकलं नाही. भावाच्या म्हशीला रेडकू झालं तेव्हा तिला दोन दिवस शेजारी झोपायला पाठवलं होतं. हे तिनं मला हसत सांगितलं. तेच हसणं, फक्त आता वरच्या ओळीतले दात नाहीत.

राग कशाचा येतो सांगू? तुम्ही दुष्ट असतात तर बरं झालं असतं. जनावराच्या पाठीवरून हात फिरवून मणका किती टोचतो ते बघायचं, डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त आहे का बघायचं, हे मला तुम्हीच शिकवलंत. मी आजही तसंच बघते, आणि आमच्या मॅडम माझ्या हाताचं कौतुक करतात. मेंढीच्या पापणीतलं रक्त बघणारा माणूस, घरात आलेल्या पोरीचं रक्त आटताना काही दिसलं नाही तुम्हाला? दिसलंच असणार. तुम्हाला सगळं दिसायचं. माझ्या हातून तांब्या पडला तर तुम्ही दिवसभर बोलायचात. खोटं बोलल्यावरून एकदा मला अंगणात उन्हात उभं केलं होतंत. आणि स्वतः मात्र एवढं मोठं खोटं पंगतीला वाढलंत.

काकीला मी सगळं समजावलं, तिच्याच शेळीच्या जबड्याला हात लावून. किडा काय, गोगलगाय काय, मान खाली घालून चरणं काय. तिनं मधेच विचारलं, "म्हंजी मी सकाळी हुबी ऱ्हायले असते तर?" मी म्हटलं, तर सकाळी काही दिसलं नसतं काकी. ती उठली, गोठ्याच्या दारापर्यंत गेली, आडव्या बांबूवर हात ठेवला आणि तिथंच थांबली. "उद्या जाईन," म्हणाली. शेजारीण डोळे पुसत होती, ती नाही.

मग परत येऊन माझ्यासमोर बसली आणि विचारलं, "तुज्या बापाला ह्ये कवा कळलं?"

तात्या, माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. सायकल, पोतं, तळहातावरचा किडा, पाल्याचा काढा. आणि मी म्हणाले, "त्यांना कळलंच नाही काकी. शेवटपर्यंत."

तिनं मोठा श्वास सोडला. म्हणाली, "मग त्यांचा तरी काय दोष. न कळून झालं. मी आपली तीस वर्षं मनातल्या मनात त्यांना शिव्या देत व्हते, लई वाईट केलं मी." तिनं कानाला हात लावले. मी निघाले तर वाटेपर्यंत पोचवायला आली आणि म्हणाली, घरी गेलीस की त्यांच्या फोटोला माझा नमस्कार सांग.

तुम्हाला हे लिहून काय होणार, तुम्ही काही वाचणार नाही. वाचू शकते ती. चौथी शिकलेली आहे, अजून चष्मा लावून पोथी वाचते. हे सगळं तिच्या नावानं लिहायला पाहिजे होतं, आणि मला ते जमलं नाही. तुम्ही स्वतःचा शब्द राखलात, मी तुमचं नाव राखलं, आणि दोन्ही वेळा भरलं तिनंच. या घटकेला ती तिकडं स्वतःला दोष देत बसली असेल, तुम्हाला शिव्या दिल्या म्हणून. फोटोसमोरून मी दिवसातून दहादा जाते. तिचा नमस्कार तुम्हाला अजून सांगितलेला नाही.