जे आधी भरेल ते

माउन,
मंगळवार, ९ जुलै

प्रिय ओलेबिले,

माझ्या अक्षरातलं पाकीट बघून तुला वाटलं असेल, कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. आई ठणठणीत आहे, कालच तिने शेजारणीशी कोंबड्यांवरून कडाक्याचं भांडण केलं आणि जिंकलं. हे फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू एकतर मला हसवतोस नाहीतर ओरडतोस, आणि दोन्ही वेळा माझं सांगायचं राहून जातं. म्हणून कागद घेतला. काम्बा उद्या सकाळी ट्रक घेऊन कासानेला निघतोय, त्याच्या हातून देते, म्हणजे तुला उद्या संध्याकाळी मिळेल आणि हातात विचार करायला थोडा वेळ राहील. फक्त एक कर बाबा, शेवटचं पान आधी वाचू नकोस. तुझी ही खोड शाळेपासूनची आहे.

शनिवारी सेरोवेची माणसं आमच्या त्सेनोलोला मागणी घालायला येतायत, हे तुला ठाऊक आहेच. उजाडता उजाडता येतील, फाटकाबाहेर उभी राहतील, आणि आपण त्यांना उगाचच थोडा वेळ ताटकळत ठेवू. घोंगड्या, खुर्च्या, सगळं जमवून झालंय. सेस्वाआच्या कुटलेल्या मांसासाठी गाय कोण कापणार यावरून माझ्या नवऱ्याचं आणि त्याच्या भावाचं वाजलं, ते मिटलं. राहिलाय एकच प्रश्न, मुलीचा मामा. मामा बसल्याशिवाय आपल्याकडे पाहुण्यांना आत घेता येत नाही, आणि तिला मामा तू एकटाच. पोरगी मला काही विचारत नाही. नुसती रोज तुझी खुर्ची पुसते. तुझीच कशी ती, तर त्यातल्या त्यात न डुगडुगणारी आहे म्हणून.

रविवारी आत्या आली. चपला काढायच्या आत सुरू झाली, "अगं, तुझा भाऊ कोकरासारखा मऊ झालाय गं! म्हणतो, आउसीनं, माझ्या थोरल्या बहिणीनं, माझा जीव वाचवला आणि मी तिला चारचौघांत नाही नाही ते बोललो. गुरुवारी येतोय. शेळी घेऊन येतोय. सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर तुझी माफी मागणार आहे." वर म्हणाली, "शेळी चांगली बघून घे हो, तो पायलट आहे, त्याला जनावरातलं कळत नाही." सगळे हसले. आई रडली. मी चहाचा कप खाली ठेवून स्वयंपाकघरात गेले. आत्याला वाटलं, मी विरघळले.

नऊ महिने झाले रे. नाताळला आला नाहीस, आईच्या वाढदिवसाला आला नाहीस. लीबा, तुझं स्वतःचं हेलिकॉप्टर, इथे शेडमध्ये उभी आहे. तिचं नाव पारव्यावरून ठेवलंस आणि पारवा पिंजऱ्यात सोडून दुसऱ्याचं हेलिकॉप्टर चालवायला कासानेला निघून गेलास. मी दर सोमवारी तिची पाती पुसते. नव्या पट्ट्या डिसेंबरातच बसवल्या आहेत.

ती ऑक्टोबरची सकाळ मला रोज आठवते. सात वाजताच पत्रा तापला होता. जनावरांच्या डॉक्टरांच्या खात्यातली तीन माणसं सामान घेऊन उभी, आठ दिवस रानम्हशींच्या कुंपणावरून उडायचं होतं, कुठे तुटलंय ते बघायचं, गावच्या गुरांत घुसलेल्या रानम्हशींना परत हाकलायचं. वर्षातलं तुझं सगळ्यात मोठं काम. तू टोपी मागे सारून शीळ घालत आलास आणि मी म्हणाले, आज उडायचं नाही, पात्यांच्या पट्ट्या बदलल्याशिवाय मी सही करणार नाही. तू आधी हसलास. मग मला हाताला धरून भागांच्या मुदती लिहिलेल्या फळ्यापुढे नेलंस. "हे कुणाचं अक्षर? तुझंच ना? चार नोव्हेंबर लिहिलंय. आज चौदा ऑक्टोबर. एकवीस दिवस आहेत, काम आठ दिवसांचं आहे. बेरीज येते ना तुला?" मी पुन्हा म्हणाले, सही करणार नाही. कारण विचारलंस. मी म्हणाले, कारण सांगायला मी बांधील नाही. बाकी तू काय काय बोललास ते मी विसरले, खरंच विसरले, पण एक नाही विसरले. जाताना वळलास आणि म्हणालास, "ठीक आहे, मॅडम. तुमची खुर्ची सांभाळा." जन्मभर आउसी म्हणणारा माझा भाऊ मला मॅडम म्हणाला, आणि ती तीन माणसं बुटांकडे बघत उभी राहिली.

पट्ट्यांचं तुला मी काय शिकवायचं! पण तू त्यांच्यावर चिडायचास, म्हणून लिहिते. बोटाएवढ्या जाडीची ती पट्टी, आत पोलादाच्या तारांचा जुडगा, वर रबरी वेष्टण. पातं गरगर फिरतं तेव्हा ते बाहेर सुटून जायला बघतं आणि ही पट्टी त्याला मधल्या खांबाशी धरून ठेवते. दुसरं काही नाही धरत. ही तुटली की पातं गेलं, आणि पातं गेलं की बोलायला कोणी उरत नाही. म्हणून तिचं वय ठरवून दिलंय, बाराशे तास किंवा चोवीस महिने, जे आधी भरेल ते. मग ती कितीही नवी दिसो, काढायची. आमचे शिकवणारे रा मोदुकानेले वर्गात म्हणायचे, "भाग थकलाय का हे तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघून ठरवू नका. तुम्ही तारीख वाचा." तू म्हणायचास, "चांगला भाग फेकून द्यायचा म्हणजे पाप आहे. तुझा नवरा बावीस वर्षं जुना, त्याला कधी बदलतेस?" मी म्हणायचे, त्याच्यावर तारीख घातलेली नाही. तो बिचारा तिथेच बसून हसायचा.

लीबा आली तो दिवस आठवतो? वॉल्विस बेहून ट्रकवर लाकडी पेटीत आली, अमेरिकेतल्या कुठल्याशा शेतावर वापरलेली. पेटी उघडली तर आत भुसा आणि एक मेलेला सरडा, तू त्याला पायलट म्हणून सलाम ठोकलास. तिच्याबरोबर निळी फाईल होती, प्रत्येक भागाचं एक कार्ड, कुठला भाग कधी बसवला, किती तास उडाला. मी टेबलापाशी बसून एकेक कार्ड वाचून फळ्यावर उतरवत होते आणि तू मागे उभा राहून "झालं का, झालं का" करत होतास. तुला त्याच दिवशी तिला उडवायची होती. मी तुला ओरडले, गप बस, माझं लक्ष जातंय. तुझ्यामुळे चूक झाली असं मी म्हणत नाही. मला कोणी घाई केलेली चालते असं कधी झालंय का?

मग गेल्या वर्षीचा जुलै. सेरोंगाला आईला न्यूमोनिया झाला, पाणी चढलेलं, रस्ता बंद, तराफा बंद. तू दुपारी निघालास, त्सेनोलो हट्टाने तुझ्याबरोबर गेली, आणि दोन तासांत आईला इथल्या इस्पितळाच्या मैदानात उतरवलंस. आई अजून सांगते, "माझ्या लेकानं मला आभाळातून आणलं आणि माझ्या लेकीनं ते यंत्र नीट ठेवलं होतं, म्हणून मी जिवंत." ज्याला त्याला सांगते. चर्चमध्ये उभी राहून सांगितलं. मी तेव्हा मान खाली घालून बसले होते, लोकांना वाटलं लाजले. तेव्हा मी खरंच लाजले होते. ऑक्टोबरनंतर तिनं हे सांगितलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

काढलेल्या पट्ट्यांचं पुढे काय झालं ते तुला आपल्या वर्कशॉपमधल्या रा तिबोनेनं सांगितलं असणार, त्यानं अख्ख्या माउनला सांगितलंय. वय झालेला भाग कोणी चुकून परत वापरू नये म्हणून आपण तो कापून टाकतो, तसा त्यानं कापला. आत अकरा तारा तुटलेल्या निघाल्या. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तिबोने हातात तुकडा घेऊन ओरडतच आला, "एकवीस दिवस बाकी होते, आणि हिनं ओळखलं! त्सेनोलोच्या आईचा डोळा पोलादाच्या आत बघतो!" त्या दिवसापासून मी देवी झाले. पलीकडच्या कंपनीतले मेकॅनिक मला बघून उठून उभे राहतात. वर्कशॉपच्या मालकानं प्रमाणपत्र दिलं, सगळ्यांना गरम तळलेल्या माग्विन्या वाटल्या. मी एक खाल्ली, आणि मूग गिळून बसले.

आता ऐक. मी पोलादाच्या आत काहीही बघितलं नव्हतं. तेरा ऑक्टोबरला दुपारी, दुसऱ्या दिवशीच्या कामाचे कागद लावताना, मी शेपटीकडच्या एका भागाचं कार्ड काढलं. त्या भागाला फक्त तासांची मर्यादा, म्हणून त्यावरच्या तारखेकडे मी कधी बघितलंच नव्हतं. पट्ट्या बसवणाऱ्या त्याच माणसाचं अक्षर, त्याच वर्षातली तारीख, चार, रेघ, तेवीस. मी तशीच बघत राहिले. तेविसावा महिना कुठून आणायचा? ती अमेरिकेतली माणसं आधी महिना लिहितात, मग दिवस. एवढं शाळकरी पोरांनाही माहीत असतं, मलाही माहीत होतं. पण पेटी उघडली त्या दिवशी पट्ट्यांच्या कार्डावर चार, रेघ, अकरा होतं, आणि मी ते आपल्यासारखं वाचलं, चार नोव्हेंबर. ती अकरा एप्रिल होती. पट्ट्यांचं वय अकरा एप्रिललाच भरलं होतं. सहा महिने तू मुदत संपलेल्या पट्ट्यांवर उडत होतास, ओलेबिले, आणि दर वेळी खाली माझी सही होती. जुलैत आई त्यांच्यावर आली. माझी मुलगी त्यांच्यावर आली. तू त्या दोघींना घेऊन पुराच्या पाण्यावरून आलास आणि मी खाली उभी राहून हात हलवत होते.

त्या सकाळी मी तुला हे सांगू शकले असते. एक वाक्य होतं. पण खात्यातली माणसं समोर होती, तिबोने होता, आणि मला माझीच भीती वाटली. वीस वर्षं मी इतरांच्या चुका लाल पेनानं दाखवत आले. मला वाटलं, आज यंत्र थांबवते, ते महत्त्वाचं, बाकीचं मग बघू. मग तू मॅडम म्हणालास आणि मला राग आला, आणि रागाच्या आड लपणं सोपं पडलं. मग त्या तारा तुटलेल्या निघाल्या आणि लोक माझे पाय धरायला लागले, तेव्हा तर तोंड उघडणंच अशक्य झालं. तुझं काम गेलं, जोहान्सबर्गच्या लोकांना मिळालं. माझ्या एका आकड्यापायी गेलं. एप्रिलमध्येच पट्ट्या मागवल्या असत्या तर ऑक्टोबरला तू कुंपणावरून उडत असतास. तू मला जे जे बोललास ते चुकीच्या कारणासाठी होतं, पण मला ते कमीच पडलं.

काल मी विमान खात्याच्या अधिकाऱ्याला सगळं लिहून दिलं, दोन्ही कार्डांच्या नकला जोडून. बाई तरुण आहेत, त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "मा, हे कोणालाच कळलं नव्हतं, मग आत्ता का?" मी म्हणाले, घरात लग्न आहे. त्यांना काही कळलं नाही. चौकशी होईल, परवाना बहुतेक जाईल, काही काळ किंवा कायमचा. नवऱ्याला काल रात्री जेवताना सांगितलं, तो म्हणाला, भावाला आधी सांगायला हवं होतंस. त्सेनोलोला आज सकाळी सांगितलं. ती कामावर निघून गेली. आईला अजून सांगितलेलं नाही, तेवढं धैर्य आज नाही.

आत्यानं तो निरोप आणला नसता तर कदाचित मी अजूनही गप्प बसले असते, हे तुझ्यापासून लपवत नाही. खात्याला फसवलं, गावाला फसवलं, ते मला झेपत होतं. पण तू शेळी घेऊन येणार, वडीलधाऱ्यांपुढे गुडघे टेकून माझी माफी मागणार, आणि मी वरून तुला ऊठ म्हणणार, हे माझ्याच्यानं होणार नाही. म्हणून हे पत्र. गुरुवारी येऊ नकोस. यायचंच असेल तर शनिवारी उजाडायच्या आत ये आणि सरळ मामाच्या खुर्चीवर बस. पाहुण्यांना आत घ्यायच्या आधी आपल्या सगळ्या माणसांपुढे गुडघे मी टेकणार आहे, आई तिथेच असेल, तीही ऐकेल. क्षमा करायची की नाही ते तू ठरव, मी त्यासाठी लिहीत नाही. आणि नाही आलास तर मी तुला दोष देणार नाही. मीच फाटकापाशी जाईन, सेरोवेच्या माणसांना सांगेन, मुलीचा मामा आलेला नाही, आज तुम्हाला आत घेता येत नाही, आणि तो का आला नाही तेही सांगेन.

तुझीच,
केदिबोने