खंडेनवमीनंतरचा बॅकअप

बजाजनगर

प्रिय गोकुळ,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझं अक्षर पाहून फाडून टाकशील अशी धास्ती आहे. पण पूर्ण तपासल्याशिवाय तू साधा कागदही टाकत नाहीस, त्या सवयीवर भरवसा ठेवते.

कारखान्यात सगळं तसंच आहे. खंडेनवमीला अप्पाराव इलेक्ट्रिशियननी यंदाही सर्व्हरला हळदकुंकू लावलं आणि निम्मं पंख्याच्या जाळीत घातलं. सकाळपासून सर्व्हर बंद, संध्याकाळी सातला तात्यासाहेबांनी नारळ फोडला की चालू, मालकांचा शिरस्ता तोच. दसऱ्यानंतर येऊन पाहते तर ड्रॉइंगच्या बॅकअपची फाइल उघडेना. गेल्या वर्षीसारखंच! तेव्हा त्याच आठवड्यात मूळ डिस्कही बसली आणि दोन महिन्यांचं काम गेलं. यंदा मूळ डिस्क शाबूत होती, नशीब.

चार दिवस डोकेफोड केली. केबल बदलली, डिस्कवरची जागा पाहिली, परवानग्या तपासल्या. सगळं ठीक. शेवटी अप्पारावच म्हणाले, "ताई, मागच्या साली बी पूजेनंतरच झालतं की." तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. तू लावून गेलेला बॅकअप अजून जेवणाच्या सुट्टीत चालतो, माझा सहाला. एरवी दोघांची गाठ पडत नाही. पूजेच्या दिवशी दोन्ही वेळा हुकतात आणि सर्व्हर चालू होताच हुकलेले दोन्ही बॅकअप एकदम नेटवर्कच्या त्याच डिस्कवर, त्याच फोल्डरमध्ये घुसतात. तुझ्या बॅकअपनं रीतसर कुलपाची फाइल ठेवली होती, दुसऱ्यानं थांबावं म्हणून. माझ्या बॅकअपनं ती पुसली. वीज गेली की जुनी कुलपं अडकून राहायची, म्हणून मीच कधीतरी ओळ घातली होती, 'कुलूप दिसलं तर काढ आणि पुढं जा'. घातली आणि विसरले. लॉगिन आपलं दोघांचं एकच, त्यामुळे कुलूप कोणी काढलं ते नोंदीत कळत नव्हतं.

आता फोल्डर वेगळे केलेत, चालू झाल्यावर दोघांत तासाभराचं अंतर ठेवलंय, ती ओळ काढलीय. तीनदा सर्व्हर बंद-चालू करून पाहिला. चालतंय.

गेल्या वर्षीच्या मीटिंगमध्ये मी म्हणाले होते, गोकुळनंच हातानं कुलपाची फाइल पुसली असेल. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. विचारल्याशिवाय तू काही पुसणार नाहीस हे मला तेव्हाही माहीत होतं, गोकुळ. नोकरी जाईल म्हणून घाबरले आणि लॅपटॉपकडे बघत बसले. गेली तुझी. काल तात्यासाहेबांसमोर, सगळ्यांच्या देखत, चूक माझी होती म्हणून सांगितलं. त्यांनी सही करून दिलेला कागद सोबत आहे, त्यात तुझा दोष नव्हता असं स्पष्ट लिहिलंय. तुझे वडील धोंडिबाकाका वर्षभर गावात खाली मान घालून फिरतात असं कळलं. कागद आधी त्यांना वाचून दाखव. मग मला फोन करून काय शिव्या द्यायच्या त्या दे, मी उचलेन.

तुझी मैत्रीण, अजून म्हणू देत असशील तर,
नीरजा