तेलाचं कडं

अण्णा, माझ्या सायकलचा शॉकअप गेलाय. सायकलला कसला शॉकअप, असं तुम्ही विचारणार, म्हणून आधीच सांगते. डोंगरात चालवायच्या सायकलींना पुढच्या चाकावर मोटारसायकलसारखाच असतो, नळीत नळी, आत स्प्रिंग आणि तेल. तुमची मुलगी पन्नाशी उलटल्यावर दर रविवारी सकाळी अंजनेरीच्या पायथ्याच्या दगडधोंड्यांतून सायकल हाणते, हे ऐकून तुम्ही नुसते चष्मा पुसत बसला असतात. आधी आम्ही चौघी होतो. एकीचे गुडघे गेले, एक लेकाकडे पुण्याला गेली, एकीला नातू झाला आणि तिचे रविवार संपले. आता मी एकटी जाते, एकटी परत येते, आणि सोमवारी ऑफिसात पाऊल टाकेपर्यंत तोंड उघडायचं कारण पडत नाही.

महिनाभर ब्रेक दाबला की पुढून टकटक यायची आणि नळी तेलकट व्हायची. गंगापूर रोडच्या एका दुकानात नेली. तिथल्या माणसाने नळी पुसली, वाकून पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, याच्यात आता काही राम नाही. वरचं कोटिंग गेलंय, आणि या मॉडेलच्या नळ्या मिळत नाहीत. सगळा शॉकअपच नवा टाका, पुढची आठ-दहा वर्षं बघायला नको." मी नळीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडलं. हे तुमचंच शिक्षण. मी सहावी-सातवीत असेन, तुम्ही पहिल्या पाळीहून आलाय, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून चहा पिताय, आणि डब्याच्या पिशवीतून कंपनीतला एक चकचकीत शाफ्ट काढून माझ्या हातात देताय. "डोळे मीट. नख फिरव. कुठं अडलं?" मी बोट ठेवते. "मग हा गेला. नख अडलं की विचार करायचा नाही, बाजूला टाकायचा." आई ओरडतेय, पोरीच्या फ्रॉकला तेल लागेल म्हणून. म्हणजे तुमच्या नियमाने निकाल त्या दुकानातच लागला होता. तरी मी "विचार करून सांगते" म्हणाले आणि पुढच्या शनिवारी सायकल घेऊन सातपूरला गेले.

तुमच्या कंपनीमागच्या गल्लीत आता मोटारसायकलचे शॉकअप दुरुस्त करणारा एक जण बसतो. साठीचा असेल. माझी सायकल बघून आधी हसला, मग चष्मा कपाळावर चढवून नळी न्याहाळली. "ताई, मोटरसायकलचं सील लावून बघतो. बसंल. पण नळी घासलीय, ती सील खाणार. दीड-दोन महिन्यांनी परत गळंल."

"मग?"

"मग काय, परत यायचं. नळीवर तेलाचं कडं दिसलं की या. आणि उतारावर जरा दमानं."

त्याने एक स्टूल फडक्याने पुसून माझ्याकडे सरकवलं आणि चहा सांगितला. दोन तास मी तिथे बसले. गप्पांत त्याच्या सुनेची नोकरी झाली, बंद पडलेल्या कंपन्या झाल्या, कुठला भोंगा किती वाजता व्हायचा यावर थोडं भांडणही झालं. "वडील इथंच होते म्हणता? मग तुम्ही घरच्याच की," म्हणाला. नवा शॉकअप मी घेतला नाही.

परत येताना तुमचा टेबलफॅन आठवला. आई गेल्यानंतर, रिटायर झाल्यावर, दर दोन-तीन आठवड्यांनी तुम्ही तो जुन्या चादरीत बांधायचात आणि सिडकोतून दोन बस बदलून सातपूरला तुमच्या मित्राच्या वाइंडिंगच्या दुकानात न्यायचात. मी चिडायचे. "अण्णा, एवढ्या खेपांत पंख्यांचा कारखाना उभा राहिला असता." तुम्ही म्हणायचात, "बुश घासलंय गं, आवाज येतो." मला तो आवाज कधी ऐकू आला नाही. मग एका उन्हाळ्यात मी नवा पंखा आणला आणि तुम्ही आंघोळीला गेलात तेवढ्यात जुना भंगारवाल्याला देऊन टाकला. तुम्ही रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलंत, चादरीची घडी घातलीत आणि म्हणालात, "बरं केलंस." नवा पंखा उत्तम निघाला. एकदाही बिघडला नाही. तुम्ही परत सातपूरला गेला नाहीत, गॅलरीत बसून राहायचात, आणि मी शेजारणीला सांगायचे की अण्णांची दगदग वाचली. तुमच्या दहाव्याला तो मित्र आला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "पंख्याला काही झालेलं नसायचं, ताई. आम्ही उघडायचो, तेल द्यायचो, चहा प्यायचो, परत बंद करायचो." मला इतका राग आला. आजच्या दिवशी हा माझ्या बापाला खोटं पाडतोय, असं वाटलं. अठरा वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात नावं ठेवली. चुकलं माझं, अण्णा. तुम्हाला जायला एकच ठिकाण उरलं होतं आणि ते मी भंगारात घातलं.

हे पत्र कुठे टाकणार? त्या नव्या पंख्याचं वॉरंटी कार्ड अजून कपाटात आहे, त्याच्याखाली ठेवीन. सील बसवून तीन आठवडे होत आले. रोज कामावरून आले की मी नळी पांढऱ्या फडक्याने पुसते आणि फडकं खिडकीशी नेऊन बघते. डाग नाही, म्हणजे कडं नाही. माणसाने काम चोख केलंय. तरी या शनिवारी मी सायकल घेऊन सातपूरला निघणार आहे, आणि कडं आलं का, असं त्याने विचारलं तर मी हो म्हणणार आहे.