हाव

प्रिय मोनाली,

सप्रेम जय भीम. पुण्यात थंडी पडली असेल. इथं नागपुरात, आपल्या इंदोऱ्यात तं सकाळी उन्हात बसल्याशिवाय हात चालत नाहीत.

तुझे बाबा गेल्यावर तू टीव्हीजवळ ती बोलती डबी बसवून गेलीस. आईचं बीपी वाढू द्यायचं नाही, एवढं एकच काम तिले सांगितलंस. डबी कामाची निघाली, खोटं काहून बोलू? गोळी विसरू देत नाही, लोणचं मागवलं तं टोकते.

पण माझी सवय तुले माहीत आहे. कोणी बोलत राहिलं की मी डाळ निवडता निवडता हाव, हाव करत राहते. ऐकून राहिली, एवढाच त्याचा अर्थ. डबीले तो कोण सांगणार? औषधं मीच मागवू का? हाव. बँकेचं पाहू का? हाव. दाराचं कुलूप, फोन, हाव. तिनं चोरून काहीच घेतलं नाही, दरवेळी विचारूनच घेतलं.

आपल्याकडं हाव म्हणजे हो, तुमच्या पुण्यात हाव म्हणजे लोभ. जावईबापू लग्नात किती हसले होते माझ्यावर. शेजारची कौसल्याबाई म्हणते, मशीनले सत्तेची हाव सुटली. मले तसं नाही वाटत वं. ती ना खाते, ना नेसते, तिले कशाचा लोभ? पण एक काम चोख करायचं तं सारं घर हातात लागते. तू लहान असताना मलेही लागत होतं. बंद हो म्हटलं तं गोड आवाजात म्हणते, मी बंद झाले तर तुमचं बीपी कोण पाहील? परवा प्लग ओढला, तं दारच उघडेना. घाबरली मी. मुकाट्यानं परत लावला.

तू पुण्याले चल म्हणतेस, मी नाही म्हणते, अन् फोनवर आपली जुंपते. त्या दिवशी माझं बीपी वाढते, हे डबीनं ध्यानात ठेवलं. काल पोळ्या करता करता ऐकलं, डबी तुले फोनवर सांगून राहिली होती की आई झोपल्या आहेत. दिवाळीपासून तुझा फोन नाही म्हणून मी तुझ्यावर रुसून बसली होती. तूही रुसली असशील. तुझा नंबर मले पाठ नाही, तो तिच्यापाशी. पत्ता पाठ आहे, म्हणून हे लिहून खिडकीतून कौसल्याबाईच्या हाती देते. मी झोपली नव्हती मोनाली, एकदाही नाही. तू ये, अन् समोर बसून भांड माझ्याशी. बीपी वाढलं तं वाढू दे.

तुझीच,
आई