लघवीने केलेली चहाडी

बोरिवली (पूर्व), मंगळवार

तीर्थरूप शेवंतीवन्सं यांना राधाचा वाकून नमस्कार. (डॉक्टरांनी सध्या फार वाकू नका म्हणून सांगितलंय, म्हणून अर्धाच वाकून. उरलेला तुमच्याकडे जमा समजा.)

तुमचे गुडघे कसे आहेत? तेल चोळता की बाटली नुसती फळीवर ठेवून बघत बसता? कलमांना मोहर कसा आलाय? मनापासून विचारते, उगाच कागद भरायला नाही. फोनच केला असता, पण सुयोगच्या लग्नानंतर तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात तो अजून तसाच आहे. (दर संकष्टीला लावून बघते. मुद्दाम नाही, हात लागतो.) तुमच्या भावाला म्हटलं, तुम्ही बोला, तर म्हणाले तुमचं तुम्ही निस्तरा. म्हणून तीन वर्षांनी पेन हातात घेतलंय. चौथी शिकलेल्या बाईला जेवढं समजलं तेवढं लिहिते, चुकलं तर पोटात घाला.

आधी खाली बसा, मग पुढचं वाचा. माझ्या पोटात गाठ निघालीय. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपी घातल्यासारखी एक ग्रंथी असते म्हणे (चौपन्न वर्षं अंगात घेऊन फिरतेय, मला आत्ता कळलं), तिच्यात लिंबाएवढी. बहुतेक कॅन्सरची नाही असं डॉक्टर म्हणाल्या, पण तो ‘बहुतेक’ इतका हळू म्हणाल्या की मी दोनदा विचारलं. पुढच्या महिन्यात बारा तारखेला ऑपरेशन. पण वन्सं, मी जी हादरलेय ती गाठीमुळे नाही. गाठीचा पत्ता दिला कोणी, तर माझ्याच लघवीने! जिला जन्मभर गुपचूप आत नेऊन सोडलं, कधी चार माणसांत तिचं नाव काढलं नाही, तिने माझी अशी चहाडी करावी? घरातलं माणूस फुटावं तसं वाटलं.

झालं असं, की वर्षभर मला झटके यायचे. मेथी निवडत बसलेली असायची आणि एकदम छाती धाडधाड, डोकं फुटायला आलेलं, हात थरथर, पदर घामाने भिजलेला. पंधरा मिनिटांत सगळं गायब. आता हे घरच्यांना सांगितलं तर तुमचे भाऊ काय म्हणाले असतील? “आता कोणावर?” अहो मेथीवर कोण चिडतं! सुयोग म्हणाला, आई, मनातल्या मनात कोणावर तरी भडकली असशील. समोरची शकु म्हणाली, पाळी जायचं वय आहे, सोस. असं सगळ्यांनी मिळून माझं निदान केलं आणि जेवायला बसले. शेवटी एकदा दवाखान्यात नंबर लावून गप्प बसले होते (खरंच गप्प, बाजूची बाई साक्षीला आहे), तिथेच झटका आला. गंधाली डॉक्टरांनी पट्टा बांधला तर बीपी दोनशे दहा. वीस मिनिटांनी बांधला तर एकशे तीस. ही मुलगी आपल्या सुयोगपेक्षा लहान दिसते, पण चष्मा जाड आहे. ती पहिली बाई जिने मला “आता कोणावर?” असं विचारलं नाही. म्हणाली, काकू, चोवीस तासांची लघवी गोळा करा.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. नाही. पाच लिटरचा पांढरा कॅन हातात दिला, वर माझं नाव, वय, बाई की पुरुष. आत थोडं औषध घातलेलं, त्याचा वास घ्यायचा नाही (कोण घेणार होतं!). सकाळी सातची पहिली टाकून द्यायची आणि मग दुसऱ्या दिवशी सातपर्यंत एक थेंब इकडे तिकडे होता कामा नये. त्याआधी तीन दिवस चहा बंद, कॉफी बंद, केळं बंद. ते तीन दिवस मी कसे काढले विचारू नका, घरातल्या तिघांना विचारा. आणि कॅन ठेवायचा थंड जागी. थंड जागा म्हणजे आमच्या दोन खोल्यांत एकच, फ्रिज. तर आमची श्रुतिका, जी लग्न होऊन आल्यापासून माझ्यासमोर मान वर करून बोलली नाही, ती फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. “आई, प्लीज. सोलकढीच्या बाजूला नको.” पण खरं सांगू? मलाही ते पटत नव्हतं, मी फक्त कोणीतरी नाही म्हणायची वाट बघत होते.

मग माळ्यावरचा तुमचा थर्माकोलचा डबा काढला. तोच, ज्यातून तुम्ही दर हंगामाला सुरमई आणि सोडे धाडायच्या, झाकणावर निळ्या पेनाने ‘शेवंती’ लिहिलेला. खालच्या ज्यूसवाल्याकडून बर्फ आणला, कॅन आत उभा केला, झाकण लावलं आणि डबा दाराबाहेर पॅसेजमध्ये सावलीला ठेवला. अर्धा तास गेला नसेल, शकु दारात. हातात पातेलं! “काय गो, नणंदेन धाडल्यान वाटता? बरा झाला, मिटला एकदाचा.” वन्सं, तीन वर्षं ही बाई मला विचारतेय, यंदा डबा नाही आला? आणि मी तीन वर्षं सांगतेय, एस्टीवाले घेत नाहीत आता, नियम बदलले. आता तुमच्या नावाचा डबा, त्यातून बर्फाचं पाणी ठिबकतंय, आणि मी काय सांगणार होते? माझ्या तोंडातून हो निघून गेलं. लगेच ही खाली बसली, म्हणाली उघड, मी कापून देते, तुला बरं नाही. मी झाकणावर बसले. अक्षरशः बसले. म्हटलं, देव्हाऱ्यापुढे दिवा लागल्याशिवाय उघडायचं नाही, वन्संनी बजावलंय. (असला नियम जगात कुठे नसेल, पण ती हो म्हणाली. तुमचा तेवढा दरारा आहे.) मग तुमच्या भावाला बाजारात पिटाळलं. सुरमई सांगितली तर बांगडे घेऊन आले. संध्याकाळी शकुला सहा दिले. दुसऱ्या दिवशी पातेलं परत द्यायला आली ती डोळे मिटून म्हणते, “गावच्या मासळीची चव ती चव, इथल्या बाजारात नाय गावणार.” मी आत जाऊन पदर तोंडात कोंबला.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण रक्तही पाहिजे होतं, आणि तेही साधं टोचून नाही. रक्त काढायच्या आधी अर्धा तास पलंगावर आडवं पडायचं, बोलायचं नाही, उठायचं नाही, कशाचा विचार करायचा नाही. रक्त काढणारी मुलगी म्हणाली, “काकू, एकदम शांत.” वन्सं, लग्न झाल्यापासून मी दिवसाउजेडी अर्धा तास आडवी पडले ती फक्त सुयोगच्या वेळेला, आणि तेव्हा तुम्ही होतात चाळीस दिवस, माझं अंग चोळायला. पंख्याकडे बघत पडले. दहा मिनिटं पंख्याची धूळ मोजली, कोणी पुसत नाही. मग ते संपलं. मग तुम्हीच आठवायला लागलात, लग्नाच्या हॉलमधल्या. ती मुलगी येऊन म्हणाली, काकू, डोळ्यांतून पाणी येतंय, सुई अजून लावलीच नाही. म्हटलं, लाव मुकाट्याने.

रिपोर्ट आला. गंधाली डॉक्टरांनी समजावलं ते असं. आपल्या अंगात धावपळीचा, भीतीचा, रागाचा एक रस असतो. तो वापरून झाला की त्याचा चोथा रक्तात उतरतो आणि लघवीतून बाहेर पडतो. चुलीतली राख बघून किती लाकूड जळलं ते कळतं ना, तसं तो चोथा मोजला की आत काय पेटलंय ते कळतं. साधारण माणसाची राख एक वाटी धरली तर माझी आठ वाट्या. गाठ तो रस कारखान्यासारखा बनवत होती, मला न विचारता, मेथी निवडतानासुद्धा. मग फोटो काढला आणि गाठ दिसली. चंद्रावर माणूस जातो ते ठीक, पण कॅनमधून माणसाच्या आत जातो?

पण खरा धक्का घरी होता. तुमचे भाऊ रडले. मला वाटलं माझ्यासाठी, मीही जरा मऊ झाले. तर नाक पुसून म्हणतात, “म्हणजे राधे, एकतीस वर्षं तू बोलतच नव्हतीस! गाठ बोलत होती!” डॉक्टरांनी रागाचा रस म्हटलं त्यातला ‘राग’ तेवढा उचलला. आणि पेढे आणले! बायकोच्या पोटात गाठ निघाली म्हणून पेढे वाटणारा माणूस तुम्ही तरी बघितलाय का? सुयोग विचारतो, दहावीत माझी बॅट गॅलरीतून फेकलीस, ती? गाठीने. श्रुतिका म्हणते, आई, माझ्या डब्याला तुम्ही कबुतराचा दाणा म्हणालात ते पण? गाठीनेच गं बाई. सगळ्यांनी मला भराभर माफ केलं. कोणी मला विचारलंसुद्धा नाही की मला माफी पाहिजे का! आणि आता झालंय असं की माझा राग फुकट जायला लागलाय. परवा पाण्यावरून सोसायटीच्या सेक्रेटरीला झाडलं, तर हात जोडून म्हणतो, काकू, तब्येतीला जपा, तुमचा दोष नाही. पाणी अजून सुटलं नाही. वाट लागली माझ्या रागाची.

तर मुद्दा आता लिहिते. त्या दिवशी हॉलमध्ये तुम्ही वाढप्यांना सांगत होतात, आधी कोशिंबीर, मग पापड, लोकांच्या पानात उलटंसुलटं करू नका. आणि मी विहीणबाईंसमोर, सगळ्या पंगतीसमोर म्हटलं, “वन्सं, तुम्हाला कार्याला बोलावलंय, कारभाराला नाही.” तुम्ही हातातली पळी खाली ठेवलीत. जेवला नाहीत. संध्याकाळच्या गाडीने गेलात. मी बघत होते, अडवलं नाही. वन्सं, त्या दिवशी माझी छाती धडधडत होती, तळहात ओले होते, डोकं ठणकत होतं. म्हणजे ते मी म्हटलंच नव्हतं. गाठीने म्हटलं. पुरावा म्हणून रिपोर्टाची झेरॉक्स सोबत जोडलीय, सुयोगने लाल पेनाने गोल केलाय तो आकडा बघा. सरकारी शिक्का नाही, पण लॅबचा आहे. आता राग धरू नका एवढंच मागणं.

घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. गुडघ्यांना तेल लावा.

तुमची भावजय (सध्या गाठीसकट),
राधा

ता. क. शकु मे महिन्यात गावी येतेय. डब्यातल्या बांगड्यांबद्दल बोललीच तर हो म्हणा आणि दिव्याचं विचारलं तर तेही हो म्हणा.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवलं होतं, परत उघडलंय. ती झेरॉक्स काढून घेतलीय, शोधू नका. काल गंधाली डॉक्टरांकडे एकटी गेले होते. विचारलं, बाई, माणसाला टोचून बोलणं पण यातूनच येतं का? त्या म्हणाल्या, काकू, यातून धडधड येते, घाम येतो, डोकं दुखतं, जीव घाबरतो. गाठीत शब्द नसतात. मी म्हटलं, नीट बघा, एखादा असेल. त्या हसल्या. मी नाही हसले. म्हणजे वन्सं, ते वाक्य माझं होतं. आदल्या दिवसापासून मनात तयार करून ठेवलं होतं, कारण विहीणबाई सगळं तुम्हाला विचारून करत होत्या, मला कोणी विचारत नव्हतं. घरात हे सांगू नका. तुमचे भाऊ आयुष्यात पहिल्यांदा इतके खूश आहेत.

ता. क. तिसरं. ऑपरेशनच्या वेळी बीपी वर-खाली होऊ शकतं, असं सांगून त्यांनी कागदावर सही घेतलीय. म्हणून आताच लिहिते. बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईच लागते. श्रुतिका तयार आहे, रजाही टाकलीय पोरीने. पण भुलीतून उठताना माणूस काय काय बरळतं म्हणतात, आणि मला ते ऐकायला असं माणूस पाहिजे ज्याने माझं वाईटातलं वाईट आधीच ऐकलेलं आहे. फॉर्मवर सोबत राहणाऱ्या बाईचं नाव लिहायचं होतं, मी तुमचं लिहून टाकलंय. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. हे विचारतेय.