साथ – सौ. माधवराव

मी, सिंधु माधवराव रणदिवे, माहेरची सिंधु शेषेराव भालेराव, वय ७१, निवृत्त शिक्षिका, राहणार उदगीर, जि. लातूर, हे मृत्युपत्र कुणाच्या दडपणाखाली किंवा भरीस पडून नव्हे, तर पुरत्या शुद्धीत लिहून ठेवते. डॉ. सिद्धराम बिरादार यांनी मला तपासले आहे. साखर वाढलेली आहे, डोके ठिकाणावर आहे. चर्चमध्ये चाळीसहून अधिक वर्षे पायपेटी वाजवली ती याच डोक्याने. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे अमलात आणण्याचे काम माझी मुलगी विशाखा हिने करावे.

१. घर. माझ्या पगारातून बांधलेले आहे आणि नगरपरिषदेत माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझे पती माधवराव यांनी हयातभर त्यात राहावे, त्यांना कुणी बाहेर काढू नये. त्यांच्यामागे घर विशाखा व मुलगा मुकुल यांचे, निम्मे निम्मे. दारावरची पाटी मात्र मी गेल्यावर लगेच बदलावी. सध्या तिच्यावर फक्त माधवरावांचे नाव आहे.

२. बँकेतली ठेव विशाखाला. मुकुल लातूरला चांगल्या नोकरीत आहे, आणि माझ्याकडून जे घ्यायचे ते त्याने आधीच घेतले आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने चर्चला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणला आणि भर उपासनेत जाहीर केले की आई आता विश्रांती घेणार. ही बातमी मला मंडळीबरोबरच कळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, दुसरे काय करणार. घरी आल्यावर म्हणाला की यात बटण दाबले की ठेका आपोआप वाजतो, तुला फार त्रास होत होता. मला पेटीचा त्रास कधीच नव्हता.

३. पायपेटी. माझे वडील, कंधारच्या शाळेतले शेषेराव मास्तर, यांनी ती मला लग्नात दिली. उदगीरच्या चर्चमध्ये तेव्हा पेटी नव्हती, म्हणून मी ती तिथे नेऊन ठेवली. तिथे राहिली म्हणून ती चर्चची झाली नाही. आता ती कोपऱ्यात आहे आणि तिच्यावर नाताळच्या सजावटीची खोकी ठेवतात. चर्चच्या पंचमंडळाने तिच्यावर माझ्या पूर्ण नावाची पाटी लावली, तर पेटी चर्चने ठेवावी. आपल्याकडे बाकांवर दात्यांची नावे आहेत, पंख्याच्या पात्यांवरही आहेत. पंखा बंद असला की वाचतासुद्धा येतात. तेव्हा जागा नाही असे कुणी सांगू नये. वर्षभरात पाटी लागली नाही, तर विशाखाने पेटी नांदेडला आपल्या घरी न्यावी. विशाखाला ती वाजवता येत नाही, पण माझ्या वस्तूला हात लावण्याआधी ती मला विचारते.

४. चाल. सुगीच्या उपासनेला आपण जे गाणे गातो, त्याचे शब्द माधवरावांचे आहेत, हे मी मान्य करते. चाल माझी आहे. शाळेच्या मधल्या सुट्टीत, पोरांच्या कलकलाटात बसवलेली. नांदेडच्या स्पर्धेत त्या गाण्याला पहिले बक्षीस मिळाले, शाल माधवरावांच्या खांद्यावर पडली, आणि छापील पत्रिकेत आले: "शब्द, चाल व गायन – माधवराव रणदिवे. साथ – सौ. माधवराव." नवऱ्याच्या नावामागे सौ. लावले की झाले मी. परतीच्या बसमध्ये मी त्यांना विचारले. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आगं, नावाचं काय घेऊन बसलीस. तुझं अन् माझं येगळं हाय का?"

बसमध्ये सगळा गायकवृंद होता. मी पत्रिका घडी घालून पिशवीत ठेवली. पुढे चर्चने गाण्यांचे पुस्तक काढले, त्यातही तेच छापले. घर माझ्या नावावर झाले तेव्हा मात्र याच माणसाला माझे वेगळे नाव ताबडतोब दिसले, आणि कित्येक दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. मला याचा राग आहे. वय झाले म्हणून तो गेलेला नाही, आणि संसार चांगला झाला म्हणूनही नाही. पुस्तक पुन्हा छापतील तेव्हा चालीपुढे माझे नाव यावे. त्यासाठी विशाखाला भांडावे लागेल, तिने भांडावे.

५. माझा दफनविधी. कीबोर्ड आणू नये, मोबाइलवर सूर लावू नये, कुणाची हातपेटीही नको. फक्त सुगीचे गाणे म्हणावे, सगळी कडवी, आणि सुरुवात माधवरावांनीच करावी. त्यांचा गळा गोड आहे, मला तो आवडतो, आजही. पण गाणे कुठल्या सुरात उचलायचे हे त्यांना एकट्याला कधी कळले नाही. फार उंच धरतात आणि दुसऱ्या ओळीला आवाज फाटतो. म्हणून प्रत्येक गाण्याआधी मी एक पट्टी हळूच दाबून ठेवत असे, त्यांच्यापुरती. लोकांना वाटे, हा माणूस सूर घरूनच घेऊन येतो. आम्ही दोघे या गोष्टीवर कधी एक शब्द बोललो नाही.

त्या दिवशी त्यांना सूर कुणी देऊ नये. गाणे उचलण्याआधी ते सवयीने माझ्याकडे वळतील. वळू द्यावे. मंडळीने तोवर थांबावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला आणि त्यांच्यादेखत सही केली. दोघांनाही यातले काही मिळायचे नाही, म्हणूनच त्यांना बोलावले.

सही: सिंधु

साक्षीदार:
१. डॉ. सिद्धराम बिरादार, उदगीर
२. दामिनी सोनकांबळे, निवृत्त शिक्षिका, उदगीर

ठिकाण: उदगीर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५